धावपट्टी, पल्ला आणि आसनरचना : रुंद धडाच्या विमानांची निवड व पुणे शहराचा अनुभव

पुण्याहून अमेरिकेस किंवा युरोपास निघालेल्या प्रवाशाचा प्रवास बहुधा विमानात सुरू होत नाही. तो मोटारीत सुरू होतो. मध्यरात्रीनंतरचे उड्डाण गाठण्यासाठी सायंकाळीच घर सोडावे लागते, घाटातील संभाव्य कोंडीसाठी दोन तास हाताशी ठेवावे लागतात आणि मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत निरोप द्यायला आलेली मंडळी प्रवाशाइतकीच थकलेली असतात. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक आणि बाळंतपणासाठी लेकीकडे निघालेल्या आया हा अनुभव घेतात. आपल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांतही हा विषय निघतोच. एवढी विद्यापीठे, एवढे कारखाने आणि संगणक कंपन्या असलेल्या शहरातून मोठे विमान थेट परदेशी का जात नाही, या प्रश्नाला ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु विमान कंपनी विमान कसे निवडते व त्यात किती आसने कशी बसवते हे समजून घेतल्याशिवाय ते उत्तर अपुरे राहते. प्रस्तुत लेखात हा निर्णय पुण्याच्या संदर्भात उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

धावपट्टीचे गणित

ज्या विमानाच्या प्रवासी कक्षात आसनांच्या रांगांमधून दोन मार्गिका जातात त्यास रुंद धडाचे विमान म्हणतात. बोईंग ७७७, बोईंग ७८७, एअरबस ए-३३० व ए-३५० ही त्याची परिचित उदाहरणे होत. पुण्यात नेहमी दिसणारी ए-३२० किंवा बोईंग ७३७ ही एका मार्गिकेची, म्हणजे अरुंद धडाची विमाने आहेत.

लोहगाव हा मूलतः भारतीय हवाई दलाचा तळ आहे. तेथील धावपट्टी २,५३५ मीटर लांब असून ती समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब आणि जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. या दोन आकड्यांतच पुष्कळसे उत्तर दडलेले आहे. उंचीवरील हवा विरळ असते आणि उन्हाळ्यात ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे तेवढेच वजन उचलण्यासाठी अधिक वेग घ्यावा लागतो व त्यासाठी अधिक लांब धाव लागते. शिवाय उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले, तरी विमान एक तर उरलेल्या धावपट्टीवर थांबू शकले पाहिजे किंवा दुसऱ्या इंजिनावर सुखरूप वर चढू शकले पाहिजे, अशी अट असते. तिला सवलत नाही.

यावरून ‘पुण्यात मोठे विमान उतरूच शकत नाही’ असा समज करून घेणे मात्र योग्य नव्हे. प्रश्न उतरण्याचा नसून भरलेल्या टाक्यांनिशी उडण्याचा आहे. बोईंग ७७७-३००ईआर या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असते आणि त्या वजनाने उडण्यास समुद्रसपाटीवरही तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. लोहगावहून उडायचे तर वजन कमी केले पाहिजे. म्हणजे इंधन कमी घ्यावे किंवा प्रवासी व माल कमी घ्यावा. इंधन कमी केले तर पल्ला घटतो, प्रवासी कमी केले तर उत्पन्न घटते. विमान व्यवसायातील बहुतेक निर्णय या एका तडजोडीभोवती फिरतात. त्यात आणखी एक अडचण आहे. या विमानाच्या पंखांचा विस्तार जवळपास ६५ मीटर, तर ए-३२०चा सुमारे ३६ मीटर असतो. म्हणजे एक मोठे विमान उभे करताना जवळजवळ दोन लहान विमानांची जागा अडते, आणि लोहगावला जागा तर मुळातच मोजकी. जुलै २०२४ पासून वापरात आलेल्या नव्या टर्मिनलमुळे प्रवाशांची सोय वाढली. धावपट्टी मात्र तेवढीच राहिली.

लुफ्तान्साने काढलेला मार्ग

या मर्यादेतून वाट कशी काढता येते याचे उत्तम उदाहरण पुण्यातच घडले. जुलै २००८ मध्ये लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली. त्यासाठी तिने आपले मोठे विमान पाठवले नाही. प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीमार्फत तिने अरुंद धडाचे, लांब पल्ल्यासाठी सिद्ध केलेले लहान विमान चालवले. एरवी अशा विमानात सव्वाशेच्या पुढे माणसे बसतात. येथे आसने त्याहून पुष्कळ कमी ठेवण्यात आली आणि भर बिझनेस वर्गावर देण्यात आला.

वरवर पाहता ही चैन वाटते. वस्तुतः तो काटेकोर हिशेब होता. पुणे-फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. तेवढे इंधन घेतल्यावर प्रवाशांसाठी वजन थोडेच उरते. माणसे कमीच न्यायची असतील, तर प्रत्येक माणसाकडून अधिक भाडे मिळाले पाहिजे. असे भाडे देणारा प्रवासी पुण्यात होता. चाकण-पिंपरी परिसरातील जर्मन वाहन उद्योगांचे अधिकारी व अभियंते तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून देत नव्हते आणि मुंबईच्या वाटेवर जाणारा अर्धा दिवस त्यांच्या कंपन्यांना महाग पडत होता. म्हणजे आसनरचना प्रवाशांची आवड पाहून ठरली नाही. धावपट्टीची लांबी आणि चाकणचे कारखाने यांनी मिळून ती ठरवली. एवढे करूनही काही काळ परतीच्या, म्हणजे पुण्याहून निघणाऱ्या, उड्डाणास इंधनासाठी वाटेत थांबा घ्यावा लागत असे. फ्रँकफर्टहून येताना मात्र तसा थांबा लागत नव्हता. धावपट्टीच्या गणिताचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

ही सेवा आता राहिलेली नाही. प्रायव्हेटएअर कंपनीच डिसेंबर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. विद्यार्थी व पालक यांना त्या विमानाचा फारसा उपयोग कधीच नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. ते तेव्हाही मोटारीनेच मुंबईस जात होते.

एका आसनाची किंमत

मोठ्या विमानातील आसनरचना ठरवताना पहिला प्रश्न एका ओळीत किती आसने बसवायची हा असतो. बोईंग ७८७च्या प्रवासी कक्षाची आतील रुंदी सुमारे ५.४९ मीटर, ए-३५०ची ५.६१ मीटर आणि ७७७ची ५.८७ मीटर आहे. ७८७चा आराखडा मांडला गेला तेव्हा एका ओळीत आठ आसने धरली होती. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवली. जपान एअरलाइन्सने आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठच ठेवली, हा सन्माननीय अपवाद. ७७७मध्ये पूर्वी नऊ आसने सर्वसाधारण होती, पुढे अनेक कंपन्या दहावर आल्या. ओळीतील एक आसन वाढले की प्रत्येकाच्या वाट्याची रुंदी दोन-चार सेंटिमीटरांनी घटते. तिकीट काढताना प्रवासी भाडे पाहतो, सेंटिमीटर पाहत नाही. कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे, त्यामुळे दोष एकट्या कंपन्यांना देता येत नाही.

दुसरा प्रश्न वर्गांच्या वाटणीचा. एअर इंडियाच्या ७८७-८ विमानात २०१२ पासून बिझनेस वर्गाची १८ व सामान्य वर्गाची २३८ अशी एकूण २५६ आसने होती. बिझनेसच्या एका ओळीत सहा, म्हणजे तीन रांगा. दोन रांगांमधील अंतर, ज्यास या व्यवसायात ‘पिच’ म्हणतात, बिझनेससाठी ७५ इंच आणि सामान्य वर्गासाठी ३२ इंच धरू. तीन रांगांची लांबी २२५ इंच झाली. तेवढ्यात सामान्य वर्गाच्या सात रांगा, म्हणजे ६३ आसने बसतात. सारांश, बिझनेसच्या १८ आसनांनी ६३ आसनांची जागा घेतली. एका आसनामागे साडेतीन. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे. स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे, आपत्कालीन दारे आणि दर पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी हा नियम त्यात धरलेला नाही. तरीही बिझनेसचे भाडे सामान्य भाड्याच्या साडेतीनपटीहून कमी ठेवून का चालत नाही आणि त्या कक्षातील रिकामे आसन कंपनीला का बोचते, हे त्यावरून ध्यानात येईल.

एकच विमान, दोन रचना

याच विषयातील अधिक बोधक प्रकरण मुंबईचे आहे. एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबई-न्यूयॉर्क ही थेट सेवा बोईंग ७७७-२००एलआर या अतिलांब पल्ल्याच्या विमानाने सुरू केली. त्या विमानात पहिल्या वर्गाची ८, बिझनेसची ३५ व सामान्य वर्गाची १९५, अशी फक्त २३८ आसने होती. अतिलांब प्रवासात विमान वाटेतील बराचसा वेळ इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जाळत असते. त्यात तेलाचे भाव चढले. पहिल्या वर्गात पूर्ण भाडे देऊन बसणारे भारतीय प्रवासी मोजकेच, आणि सामान्य वर्गातील आसने त्या विमानाच्या मानाने थोडी. कंपनीकडे अशी आठ विमाने होती; त्यांपैकी पाच तिने २०१३ मध्ये झालेल्या व्यवहारात एतिहादला विकून टाकली.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे परत गेली. त्यानंतर वर्षभराच्या आतच तिने याच जातीची पाच विमाने भाड्याने घेण्यास सुरुवात केली. ती पूर्वी अमेरिकेतील डेल्टा कंपनीकडे होती. त्यांत बिझनेसची २८, मधल्या म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी वर्गाची ४८ व सामान्य वर्गाची २१२, एकूण २८८ आसने होती. धड तेच, इंजिने त्याच प्रकारची, पल्ला तोच; परंतु पहिला वर्ग गेला, मधला वर्ग आला आणि ५० माणसे अधिक मावली. मुलाकडे निघालेले निवृत्त दांपत्य बिझनेसचे भाडे देणार नाही, पण पंधरा-सोळा तास गुडघे आखडून बसण्यापेक्षा थोडे अधिक मोजायला ते तयार होते. जुन्या रचनेत या प्रवाशासाठी जागाच नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते विमानाची निवड २००७ साली चुकली नव्हती. चुकला होता तो प्रवाशाचा अंदाज.

आसने बदलणे हे पडदे बदलण्याइतके सोपे नसते. प्रत्येक नव्या रचनेची सुरक्षा चाचणी व मान्यता लागते. आसने वेळेवर मिळत नाहीत आणि तोवर विमान जमिनीवर उभे राहते. जुन्या ७८७-८ विमानांचे नूतनीकरण हाती घेतल्यामुळे विमानांची चणचण भासली. पाकिस्तानची हवाई हद्द बंद असल्याने मार्गही लांबले होते. या दोन्ही कारणांनी एअर इंडियाला १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवावी लागली.

पोटातला माल

प्रवाशांच्या पायाखालच्या कप्प्याचा विचार सहसा होत नाही. रुंद धडाच्या विमानात तेथे मोठे कंटेनर व फळ्यांवर रचलेला माल बसतो. एखाद्या मार्गावर प्रवासी जेमतेम असले तरी हापूस, औषधे किंवा यंत्रांचे सुटे भाग यांच्या भाड्यावर तो मार्ग तरू शकतो. पुण्याच्या दृष्टीने हा मुद्दा गौण नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्ड लसीचे पहिले खोके लोहगावहून देशांतर्गत विमानांनी रवाना झाले. त्याच महिन्यात ब्राझीलसारख्या दूरच्या देशांकडे निघालेली लस मात्र मुंबईच्या विमानतळावरून गेली. हडपसरजवळ मांजरीत तयार झालेल्या लसीनेही शेवटी प्रवाशांचीच वाट धरली.

पुरंदरचा नवा विमानतळ व लोहगावच्या धावपट्टीचा विस्तार यांची चर्चा पुणेकर अनेक वर्षे ऐकत आहेत. दरम्यान विमानेही बदलत आहेत. ए-३२१एक्सएलआर हे एका मार्गिकेचे विमान कागदोपत्री सुमारे ८,७०० किलोमीटर जाऊ शकते. म्हणजे फ्रँकफर्ट त्याच्या टप्प्यात येते. परंतु त्याचेही कमाल वजन सुमारे १०१ टन आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी २,५३५ मीटरवरून ते किती आसने भरून उडू शकेल, हा हिशेब पुण्याच्या बाबतीत पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मोठी विमाने तेथून उडू लागली, तर पुण्याच्या प्रवाशाचा घाट चुकणार नाही. घाटापुढचे मुंबईतले अंतर मात्र तेवढे कमी होईल.