चित्रावर बोट, मराठीत बोल
बोलता न येणाऱ्या मुलांसाठी विशेष शाळांत टॅबलेटचा उपयोग होतो. चित्रावर बोट ठेवले की शब्द ऐकू येतो. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत ॲप हिंदीप्रमाणे मराठीतही बोलते.

आपल्या इंदूरात शाळेची भाषा हिंदी, घरची मराठी. ॲप हिंदीतच राहिले तर नातू आजीशी आजीच्या भाषेत कसा बोलणार? म्हणून घरी भाषा मराठी निवडावी, असे आम्ही सुचवतो. आपणही बोलताना चित्रांवर बोट ठेवावे. मूल पाहून शिकते. शिक्षा म्हणून टॅबलेट काढून घेऊ नये, तो त्याचा आवाज आहे. अशा साधनामुळे मूल तोंडाने बोलायचे थांबते, असे अभ्यासांत आढळलेले नाही.

मंडळात असे मूल भेटले, तर उत्तरासाठी त्याला थोडा वेळ देऊ या.