गोष्टीला घर बांधून देणारी एफुआ

एफुआ सदरलँड यांची छापील नाटकं थोडीच आहेत. दोन-तीन दिवसांत सगळी वाचून होतात. तरीही घानाच्या आधुनिक रंगभूमीबद्दल बोलताना त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. कारण या बाईंनी नाटकं लिहिली, तशी नाटकांना राहायला घरंही बांधली.

त्यांचा जन्म 1924 चा, केप कोस्टचा. देश तेव्हा ब्रिटिशांचा ‘गोल्ड कोस्ट’ होता. शिक्षिका झाल्या, इंग्लंडला केंब्रिज आणि लंडन इथे शिकल्या आणि 1951 मध्ये परतून पुन्हा शिकवू लागल्या. 1957 मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याच सुमारास त्यांनी लेखकांची संघटना उभारली. पाठोपाठ प्रायोगिक नाटकमंडळी जमवली आणि 1961 मध्ये आक्रा शहरात ‘घाना ड्रामा स्टुडिओ’ उघडला. उद्घाटनाला स्वतः राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा आले होते.

शहरात नाट्यगृह झालं म्हणून त्या थांबल्या नाहीत. एकुम्फी आत्विया हे कथाकथनासाठी नावाजलेलं गाव. तिथे गावकऱ्यांबरोबर त्यांनी ‘कोद्झिदान’ उभारलं. कोद्झिदान म्हणजे गोष्टीचं घर. त्यांच्या साऱ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं. लोककला गावातून उचलून शहरात मांडणारे पुष्कळ असतात. गोष्ट जिथली, तिथेच तिला छप्पर देणारे विरळा.

घानातल्या अकान लोकांत आठ पायांच्या कोळ्याच्या, म्हणजे अनान्सेच्या, गोष्टी रात्री रंगतात. हा अनान्से लबाड, हावरा, पण हवाहवासा. त्या गोष्टींना ‘अनान्सेसेम’ म्हणतात. ऐकणारे गप्प बसत नाहीत. कथेच्या मध्येच कुणीतरी गाणं उचलतो, बाकीचे ताल धरतात, नाचतात आणि कथा पुढे सरकते. या मधल्या गाण्याला ‘म्बोगुओ’ म्हणतात. सदरलँडबाईंनी या रीतीवरून नाटकाचा एक घाट बसवला, त्याला नाव दिलं ‘अनान्सेगोरो’.

त्याचा उत्तम नमुना म्हणजे 1975 मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’. कर्जाने गांजलेला अनान्से लेकीलाच, अनान्सेवालाच, टाइपरायटरवर बसवतो आणि तिच्याच स्थळासाठी चार सरदारांना पत्रं लिहून घेतो. भेटी येतात, घर सजतं, लेकीची फी भरली जाते. मग चौघेही एकाच वेळी यायला निघतात! तेव्हा तो लेक मेल्याचं सोंग रचतो आणि कोण कसं दुःख करतो ते पाहतो. यात निवेदक आहे, प्रेक्षकांसमोर बसून वस्तू देणारा सामानवाला आहे, म्बोगुओ तर आहेतच. बापाच्या लबाडीवर आपण हसतो आणि त्याच हसण्यात मुलीचा बाजार मांडला गेल्याचं ध्यानात येतं. हे साधणं फार अवघड.

‘एडुफा’त त्यांनी ग्रीक नाटककार युरिपिडीसची ‘अल्सेस्टिस’ घानात आणली. ‘फोरिवा’त राणीमातेची लेक आणि परगावचा हौसा जमातीचा तरुण मरगळलेल्या गावाला जागं करतात. दोन्ही पुस्तकं 1967 ची. मला मात्र ‘अनान्सेवा’ या दोन्हींहून कितीतरी वरचं वाटतं.

1996 मध्ये त्या गेल्या. त्याआधीच राष्ट्रीय नाट्यगृहासाठी जागा करताना त्यांचा ड्रामा स्टुडिओ पाडण्यात आला होता. त्याची प्रतिकृती आक्राजवळच्या लेगॉनच्या विद्यापीठात उभी आहे. तिला त्यांचंच नाव दिलं आहे.

‘अनान्सेवा’ मिळवून वाचाच, पण एकट्याने नको. चारजणांत मोठ्याने वाचा आणि म्बोगुओची जागा आली की ताल धरा.