जहाजाला भोक पडते तेव्हा

वर्तमानपत्रांतील राजकीय बातम्यांत ‘डॅमेज कंट्रोल’ हा शब्दप्रयोग आपण नेहमी वाचतो. नेत्याच्या तोंडून भलतेच विधान निघून जाते आणि पक्षाचे लोक सारवासारव करू लागतात. हा शब्द मुळात युद्धनौकांवरचा आहे आणि तेथे सारवासारवीला वाव नसतो. जहाजाला भोक पडले किंवा आग लागली, तर आत शिरणारे पाणी रोखणे, आग विझवणे आणि जहाज सरळ तरंगत ठेवणे, या कामांना मिळून नुकसान-नियंत्रण म्हणतात. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. जे खलाशी जहाजावर असतील, त्यांनीच हे काम करायचे असते.

या कामामागचे बरेचसे विज्ञान शाळेच्या पुस्तकातले आहे. मग नौदले त्याचा सराव पुन्हा पुन्हा का करतात, ते आता पाहू.

पाणी किती शिरते?

समजा, पाण्याच्या पातळीखाली ४ मीटरवर जहाजाच्या बाजूला १५ सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे एखाद्या बशीएवढे भोक पडले. टॉरिसेलीच्या नियमानुसार पाण्याचा वेग म्हणजे २, गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. तो येथे सेकंदाला सुमारे ८.९ मीटर येतो. भोकातून जाताना प्रवाह आकसतो, म्हणून हिशेबात ०.६ हा गुणक धरू. उत्तर येते सेकंदाला सुमारे ९४ लिटर, म्हणजे मिनिटाला साडेपाच टनांहून अधिक. मिनिटाला ४०० लिटर उपसणारे पंप लावायचे म्हटले, तर एवढ्याशा भोकासाठी १४ पंप लागतील!

आता दुसरा आकडा पाहा. त्या भोकावर पाण्याचा दाब सुमारे ७० किलोग्रॅम वजनाएवढा असतो. नुसत्या हातांनी फळी दाबून धरणे एका माणसाला शक्य नाही. म्हणून कापड गुंडाळलेली लाकडी खुंटी घणाने ठोकतात, किंवा भोकावर गादी व फळी ठेवून तिला लाकडी वासे आणि पाचरी यांचा टेकू देतात. लाकूड भिजून फुगते आणि खुंटी अधिकच घट्ट बसते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. भोकाचे अर्धे क्षेत्रफळ बुजले की पाणीही अर्धे होते. म्हणून गळती पूर्ण बंद करण्याच्या नादात वेळ घालवायचा नाही. आधी ती कमी करायची, मग बाकीचे.

गळती थांबलीच नाही, तर ती एका खोलीपुरती ठेवायची. त्यासाठी जहाजाचे पोट आडव्या पोलादी भिंतींनी अनेक जलाभेद्य कप्प्यांत विभागलेले असते. अमेरिकी नौदलात कप्प्यांच्या दारांवर आणि झाकणांवर एक्स, वाय, झेड अशी अक्षरे असतात. कोणत्या प्रसंगी कोणते दार बंद हवे, हे त्या अक्षरांवरून कळते. मात्र जाता-येता सोयीसाठी कोणी एक दार उघडे ठेवले, तर पोलादी भिंतीचा उपयोग शून्य होतो.

साचलेले पाणी

पाण्याचा दुसरा धोका वजनाचा नसून हलण्याचा आहे. पाण्याने भरलेले पसरट ताट उचलून चालून पाहा. ताट किंचित कलले की पाणी त्याच बाजूला धावते आणि ते अधिकच कलते. जहाजातही असेच होते. कप्प्यात पाणी मोकळेपणी हिंदकळू शकत असेल, तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकल्यासारखा परिणाम होतो.

हा परिणाम कप्प्याच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. ४००० टनांच्या जहाजात १० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद कप्प्यात पाणी पसरले, तर लहान कलासाठी गुरुत्वमध्य जणू ३७ सेंटीमीटर वर जातो. एवढ्या जहाजासाठी ही मोठी हानी आहे. कप्प्याच्या मध्ये एक उभी भिंत घातली, तर रुंदी निम्मी होते आणि हाच आकडा एकचतुर्थांशावर, म्हणजे ९ सेंटीमीटरवर येतो. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. प्लॅस्टिकचा आयताकृती डबा घमेल्यात तरंगत ठेवा, त्यात बोटभर पाणी घाला आणि एका कडेवर हलकेच बोट टेका. मग डब्यात लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याची भिंत मेणाने चिकटवा आणि तेवढेच पाणी दोन्ही भागांत सारखे वाटून घाला. फरक मुलांना चटकन दिसेल.

आता पेच लक्षात येईल. आग विझवायला पाणी हवे, पण तेच पाणी वरच्या मजल्यांवर साचले तर जहाज उलटवते. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या प्रचंड फ्रेंच जहाजाला आग लागली. अमेरिकी सरकारने ते ताब्यात घेऊन सैनिकांच्या वाहतुकीसाठी त्यात फेरबदल चालवले होते. बंबांनी आणि अग्निशामक बोटींनी त्यावर पाण्याचा मारा केला. आग आटोक्यात आली, पण वरच्या मजल्यांवर एका बाजूला साचलेल्या पाण्याने जहाज कलत गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्याशीच आडवे झाले. खालचे कप्पे भरू देऊन जहाज बंदराच्या उथळ तळावर सरळ बसवावे, असे त्याचे रचनाकार व्लादिमिर युरकेविच यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही.

आपल्याकडची घटना अगदी अलीकडची आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला आग लागली. आग आटोक्यात आल्यानंतर नौका डाव्या बाजूला कलत जाऊन कलंडली. एका खलाशाला प्राण गमवावे लागले. आग विझली म्हणजे संकट संपले असे नाही, हे येथेही दिसले.

माहिती आणि सराव

येथपर्यंतचे गणित कागदावर सुटते. पण प्रत्यक्षात दिवे गेलेले असतात, धुराने डोळे उघडत नाहीत, पायाखालची जमीन कललेली असते आणि मिनिटाला पाच टन पाणी येत असते. त्या वेळी सूत्र आठवून चालत नाही. त्याचे उत्तर हातांना आधीच ठाऊक असावे लागते.

आणि किती जणांच्या हातांना? २९ जुलै १९६७ रोजी टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावर एक रॉकेट चुकून सुटले आणि उभ्या विमानाच्या इंधनटाकीवर आदळले. इंधन पसरून पेटले. सुमारे दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला आणि आगीशी झुंजायला धावलेल्या प्रशिक्षित पथकातील बहुतेक जण ठार किंवा जखमी झाले. मग इतर खलाशी पुढे सरसावले. त्यांच्या धैर्याबद्दल शंकाच नाही, पण त्यांना या कामाचे शिक्षण नव्हते. पेटलेल्या तेलावर फेसाचा थर पसरला की वाफ आणि प्राणवायू यांची गाठ पडत नाही. येथे मात्र काही जण फेस मारत होते आणि काही जण पाण्याच्या झोताने तोच फेस धुऊन काढत होते. या दुर्घटनेत १३४ जण मृत्युमुखी पडले. ज्ञान मूठभर माणसांपाशी होते आणि ती माणसे पहिल्याच तडाख्यात गेली. त्यानंतर अमेरिकी नौदलात प्रत्येक खलाशाच्या अग्निशमन-शिक्षणावर भर दिला गेला. जहाजावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली त्या दिवसाची दृश्ये पुढे प्रशिक्षणार्थींना दाखवली जाऊ लागली.

२१ वर्षांनंतर, १४ एप्रिल १९८८ रोजी, इराणच्या आखातात ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगावर आदळली. बाजूला सुमारे साडेचार मीटरचे भगदाड पडले, जहाजाचा कणा मोडला आणि इंजिनघर पाण्याने भरले. कप्तान पॉल रिन यांनी आधीपासून नुकसान-नियंत्रणाच्या सरावावर मोठा भर दिला होता. खलाशांनी शेजारच्या कप्प्याच्या भिंतीला टेकू दिले, आग विझवली आणि तडकत चाललेला वरचा सांगाडा पोलादी दोरांनी बांधून धरला. पाच तास झुंज चालली. जहाज वाचले आणि एकही माणूस दगावला नाही.

अशी तयारी एकदा करून संपत नाही. शिकलेले खलाशी बदली होऊन जातात, नवे येतात. म्हणून कोणाला काय येते याची नोंद ठेवावी लागते, श्वसनयंत्रे आणि पंप तपासावे लागतात आणि पूर्वसूचना न देता कवायत घ्यावी लागते. भारतीय नौदलाचे हे शिक्षण आपल्या लोणावळ्याला, ‘आयएनएस शिवाजी’ या संस्थेत दिले जाते. तेथे जहाजाच्या कप्प्यांची हुबेहूब प्रतिकृती आहे. ती कलते, तिच्या भिंतींतून पाणी घुसते आणि प्रशिक्षणार्थींना छातीएवढ्या पाण्यात उभे राहून भोके बुजवावी लागतात. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर खलाशी जहाज वाचवायला शिकतात!

आम्हांला वाटते, हा विषय शाळेपासूनही फार दूर नाही. शाळेच्या भिंतीवर लाल अग्निशामक नळकांडे टांगलेले असते. त्याची मुदत कोणत्या महिन्यात संपते, ते कोणत्या आगीवर वापरायचे आणि कोणत्या आगीवर नाही, त्याची खीळ कशी काढायची, हे शाळेतील किती जणांना ठाऊक आहे? उत्तर ‘एका शिपाईमामांना’ असे असेल, तर ते ज्या दिवशी रजेवर असतील त्या दिवसाचा विचार आजच करून ठेवायला हवा.