बिब्ब्याचं तेल आणि तीसची पोटन्सी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हिवाळ्यात बिब्बा पिकतो. फळाचा वरचा नारिंगी, गरदार भाग वाळवून खातात. त्याखाली काळं, हृदयाच्या आकाराचं बी. आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते, पण तिच्यापर्यंत पोचायचं तर कवचातल्या काळ्या तेलाशी गाठ असते. ते अंगाला लागलं की बिब्बा उततो: आग, सूज, फोड. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. कितीही धुतलं तरी त्या जात नसत.

होमिओपॅथीतलं ‘अ‍ॅनाकार्डियम ओरिएंटेल’ याच बियांपासून बनतं. तेलातलं जहाल द्रव्य म्हणजे भिलावनॉल. त्याच्या रेणूत कॅटेकॉलला पंधरा कार्बनची लांब साखळी जोडलेली असते. साखळीमुळे तो कातडीत मुरतो. कॅटेकॉलमुळे हवा लागताच काळा पडतो. मूळ अर्कात तो सहज सापडतो. फेरिक क्लोराइड टाकलं की गडद रंग येतो आणि क्रोमॅटोग्राफीने त्याचं प्रमाणही मोजता येतं.

पुढे हा अर्क पायरीपायरीने विरळ करतात: प्रत्येक पायरीला एक भाग औषध, नव्व्याण्णव भाग अल्कोहोल. बाराव्या पायरीला मूळ द्रव्याचा वाटा एकावर 24 शून्यांमागे एक एवढाच उरतो. 318 ग्रॅम शुद्ध भिलावनॉलमध्येही इतके रेणू नसतात! तिसाव्या पायरीला, म्हणजे तीसच्या पोटन्सीला, शून्यं 60 होतात.

पवईच्या आयआयटीत जयेश बेल्लारे, अक्कीहेब्बाल सुरेश, प्रशांत चिक्रमाने आणि सहकाऱ्यांनी 2010 साली याच शून्यांना आव्हान दिलं. सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त आणि प्लॅटिनम यांची बाजारातली औषधं त्यांनी तपासली. 30 आणि 200 पोटन्सीतही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे नॅनोकण दिसले. प्रत्येक पायरीला बाटली जोरात हलवताना कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि पुढच्या बाटलीत जातात, असं स्पष्टीकरण त्यांनी मांडलं. प्रयोग धाडसी होता. पण कण सापडणं वेगळं आणि रोग बरा होणं वेगळं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास चाळले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा तिला कोणत्याही आजाराबाबत मिळाला नाही.

शिवाय बिब्ब्याला धातूचा न्याय लावता येत नाही. सोन्याचा कण सोनंच राहतो; भिलावनॉल हवेशी संयोग पावून बदलत जातो. म्हणून खरी तपासणी हवी ती मूळ अर्काची आणि खालच्या पोटन्सींची. तिथे विष खरोखरच शिल्लक असतं, आणि ज्याला बिब्बा सोसत नाही अशा माणसाला त्याचा थोडा अंशही बाधू शकतो. बाटलीत भिलावनॉल किती आहे आणि साठवणीत त्यातलं किती टिकलं, हे मोजण्याची साधनं रसायनशास्त्राकडे आहेत.