पिकअपला पुढे एक, मागे दुसऱ्या साइजचे टायर? आधी हे वाचा

दासगाव, महाड, पोलादपूरच्या पिकअपवाल्या मित्रांनो, माल जास्त भरता यावा म्हणून मागे मोठे टायर टाकण्याचा विचार असेल, तर हा हिशोब बघा.

२१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०४ मिमी, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिमी. म्हणजे एका किलोमीटरमागे लहान टायर जवळपास १८ फेरे जास्त फिरतो.

🔸 फोर-व्हील ड्राइव्ह: साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतो. पक्क्या रस्त्यावर फेऱ्यांचा हा फरक गिअर आणि जॉइंटवर ताण आणतो. इथे चारही टायर एकाच साइजचे हवेत. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान चालतात, कारण त्यांचे गिअर त्याच हिशोबाने बनवलेले असतात.

🔸 फक्त मागची चाकं ओढणारी गाडी: शाफ्टवर ताण येत नाही. पण स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर काट्यावर ६० दिसताना खरा वेग ६२च्या पुढे असतो. चढावर ओढ कमी होते. एबीएसचा अंदाजही चुकू शकतो.

🔸 एकाच अ‍ॅक्सलवर डावा-उजवा वेगळा: कधीच नको. डिफरन्शियल विनाकारण झिजतं.

मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा, असंही नाही. त्यासाठी टायरवरचा लोड इंडेक्स बघा.

कशेडी, वरंधा, आंबेनळी हे घाट आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. पावसाळ्याआधी चारही टायरवरचे आकडे एकदा वाचा आणि कंपनीने सांगितलेलाच साइज ठेवा.