थांबलेला मैलमापक

जुन्या अ‍ॅम्बॅसडरच्या वा पद्मिनीच्या मैलमापकातील आकडे सरकेनासे झाले, की पुष्कळ जण थेट नवे मीटर आणावयास निघतात. तत्पूर्वी वेगाचा काटा पाहावा. गिअरबॉक्सकडून येणारी एकच केबल काट्याला आणि आकड्यांनाही गती देते. दोन्ही थांबले असतील, तर बहुधा केबल तुटलेली वा निसटलेली असते. काटा हलतो आणि आकडे मात्र स्तब्ध, असे असेल तर दोष मीटरच्या पोटात असतो. एखादे दातेरी चाक झिजलेले असते, किंवा त्याची पकड सुटून नुसता आसच फिरत राहतो.

बॅटरीची तार काढून, केबल सोडवून मीटर बाहेर घ्यावे. सैल चाक आसावर पुन्हा घट्ट बसवता येते. दाते झिजले असल्यास ते बदलावेच लागते. तेल ओतण्याचा मोह (आपल्याकडे तो फार!) आवरावा. काट्यामागील चुंबकापाशी ते पोहोचले, तर वेग खोटा दिसू लागतो.

आकड्यांच्या चकत्या अशा हाताशी आल्यावर त्या मागे फिरवण्याची बुद्धी कोणासही होईल. परंतु इंजिनातील तेल केव्हा बदलावे हे त्या आकड्यांवरूनच ठरते, आणि गाडी विकत घेणारा त्यांवरच विसंबतो. मीटर थांबले तेव्हाचा आकडा व दुरुस्तीची तारीख गाडीच्या वहीत नोंदवावी, आणि गाडी विकताना ती वहीही सोबत द्यावी.