खड्डा खणण्याआधी कागद



मागच्या कार्यक्रमानंतर दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला. "ताई, घर बांधायला काढलंय. जागा आमची, पैसा आमचा, मग नगरपंचायतीला कशाला विचारायचं?" आज त्याविषयीच बोलू. वही-पेन जवळ असेल तर घ्या, नसेल तर शेजारच्या मुलीला लिहायला सांगा.

आधी आमच्याच गटातली एक हकीकत सांगते. सभासदाचं नाव सांगत नाही, आपण तिला माई म्हणू. माईचं घर आमच्या तालुक्याच्या गावात, जुन्या गावठाणात. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर पत्रे. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली, पदरात दोन मुलं. आवास योजनेच्या यादीत तिचं नाव लागलं. गवंडी म्हणाला, "अक्षय्य तृतीयेला पाया घ्या, पुढं मला सवड नाही." माईने गटाकडे तीस हजारांचं कर्ज मागितलं. आम्ही एका बैठकीत मंजूर केलं. ठरावाची भाषा मीच लिहून दिली. घराची परवानगी काढली का, हे तिला एकीनेही विचारलं नाही. मीही नाही.

जुनं घर पाडलं, पायाचे खड्डे खणले, विटांचा ट्रॅक्टर येऊन पडला. आठव्या दिवशी काम थांबवण्याची नोटीस आली. परवानगी नाही म्हणून योजनेचा हप्ताही अडला. मग पाऊस आला आणि खड्डे पाण्याने भरले. माई भाड्याच्या खोलीत, विटा रस्त्याकडेला, आणि गटाचा हप्ता तर दर महिन्याला द्यायचाच. एक कागद आधी काढला नाही, त्याची ही किंमत.

परवानगी का लागते? आपल्यातल्या बऱ्याच जणींना ग्रामपंचायतीची सवय आहे. पूर्वी एक ना हरकत दाखला आणला की घर बांधायला लोक मोकळे व्हायचे. पण २०१४ साली शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं. गाव तेच राहिलं, कायदा बदलला. तिथे आता नगरपरिषद-नगरपंचायतींचा १९६५ चा अधिनियम आणि प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा १९६६ चा अधिनियम लागू आहे. त्यामुळे नवीन घर असो, वरचा मजला असो की जुनं पाडून पुन्हा बांधणं असो, लेखी परवानगी लागते. घरपट्टी भरतो म्हणून घर अधिकृत झालं, असं समजू नका. घरपट्टी हा कर आहे. तो घेतला म्हणजे बांधकामाला मंजुरी दिली असं होत नाही.

आता कागद कोणते ते सांगते. लिहून घ्या.

पहिला कागद मालकीचा. गावठाणात सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, ज्याला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. सर्व्हे नंबरातली जागा असेल तर सातबारा. विकत घेतली असेल तर खरेदीखतही. घरपट्टीचा उतारा सोबत जोडायचा, पण एकट्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही.

दुसरा कागद मोजणीचा नकाशा. तो भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. आपल्या जागेची हद्द कुठून कुठपर्यंत हे त्यावर ठरतं. शेजाऱ्याशी वितभर जागेवरून भांडण होण्यापेक्षा मोजणीची फी भरलेली बरी.

तिसरा कागद झोन दाखला आणि भाग नकाशा. आपल्या जागेवर शाळा, बाग असं काही आरक्षण आहे का, रस्तारुंदीची रेषा घरावरून जाते का, हे त्यातून कळतं. प्लॉट विकत घेणाऱ्या मैत्रिणींनी तर हा कागद इसार देण्याआधी काढावा. शेतातले गुंठे पाडून विकतात, त्यात हीच फसगत होते. जागा बिनशेती आहे का आणि तो ले-आऊट मंजूर आहे का, हे दोन्ही विचारा.

चौथा कागद घराचा आराखडा. तो परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाकडूनच काढून घ्यावा लागतो. गवंड्याने कागदावर रेघा मारून दिलेला नकाशा चालत नाही. आराखड्यात खोल्या, शौचालय, सांडपाण्याची सोय आणि घराभोवती सोडायची मोकळी जागा दाखवतात. त्या मोकळ्या जागेला सामासिक अंतर म्हणतात. अभियंत्याशी फी ठरवताना स्पष्ट विचारा: यात फक्त आराखडा, की अर्ज भरणं, जोत्याची तपासणी आणि शेवटचा दाखलाही धरलाय? ठरलेलं लिहून घ्या. दोघा-तिघांकडे चौकशी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे चारही कागद काढायला गेलं की एकच प्रश्न समोर येतो: नाव कोणाचं?

माईचं घोडं इथंच अडलं होतं. मालमत्ता पत्रकावर अजून तिच्या सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, वारसनोंद कोणी केलीच नव्हती. तिथे राहते माई, घरपट्टी भरते माई, पण कागदावर ती कुठेच नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सासऱ्यांच्या मालमत्तेत मुलगे, मुली, आणि वारलेल्या मुलाची बायको व मुलं हे सगळे वारस असतात. म्हणजे माई, तिची मुलं, तिचा दीर आणि तिची नणंद. वारसनोंदीसाठी अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. मग संबंधितांना नोटीस, हरकतीची मुदत. हे सगळं होईपर्यंत दिवाळी आली.

नोंद झाल्यावर बांधकामासाठी इतर हिस्सेदारांची संमती लागली. दिराने सही दिली. नणंदेकडे मी माईबरोबर गेले होते. नणंदेने चहा केला, कागद हातात घेतला आणि विचारलं, "वहिनी, यावर सही केली की माझं माहेर संपलं का?"

मैत्रिणींनो, त्या बाईचा प्रश्न अगदी बरोबर होता. आपण प्रत्येक जण कुणाची तरी वहिनी आहोत आणि कुणाची तरी नणंद आहोत. आज आपण सही मागायला जातो, उद्या आपल्यापुढे कागद येतो. म्हणून हा फरक नीट लक्षात ठेवा. संमतीपत्र म्हणजे "इथे घर बांधायला माझी हरकत नाही" एवढंच. त्याने हिस्सा जात नाही. हक्कसोडपत्र म्हणजे "माझा हिस्सा मी सोडला". ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवतात आणि एकदा झालं की नुसतं नको म्हणून परत फिरवता येत नाही. घराच्या परवानगीचं नाव सांगून कोणी हक्कसोडपत्रावर सही मागत असेल, तर आधी कागद घरी आणा, वाचून घ्या, गटात दाखवा. आम्ही आणलेलं संमतीपत्र होतं. ते मी शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मग नणंदेने सही केली आणि म्हणाली, "भाऊबीजेला टेकायला एक खोली ठेव म्हणजे झालं."

आता अर्जाचं बघू. अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन प्रणालीतून अभियंताच भरतो. तुम्ही त्याच्याकडून अर्जाचा क्रमांक आणि पोच मागून घ्या. त्रुटी निघाली तर ती लेखी मागा. "अजून एक कागद कमी आहे" असं तोंडी सांगून चार चकरा मारायला लावतात, त्यापेक्षा सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्या म्हणावं. छाननी शुल्क, विकास शुल्क वगैरे रक्कम चलनाने भरायची आणि पावती जपून ठेवायची. चलनाशिवाय कोणाच्या हातात रुपया ठेवू नका. एजंट म्हणेल, "आत द्यावे लागतात." त्याला म्हणावं, "पावती दे, मग देते."

लहान घरांसाठी एक चांगली गोष्ट आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधणं सोपं केलं आहे. मालकीचे कागद आणि परवानाधारकाने प्रमाणित केलेला आराखडा द्यायचा, शुल्क भरायचं, आणि मिळालेली पावती हीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. माईची जागा जेमतेम सहाशे चौरस फूट. म्हणजे परवानगीला वेळ लागण्याचं कारणच नव्हतं. तिचे सहा महिने गेले ते नाव लावण्यात.

मोठ्या जागेच्या अर्जावर ६० दिवसांत काहीच निर्णय कळवला नाही, तर कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे. पण आराखडा नियमात बसत असेल तरच तिचा उपयोग. म्हणून साठ दिवस मोजत बसू नका, लेखी विचारणा करा. अर्ज नाकारला तर कारण लेखी घ्या. निर्णय कळल्यापासून ४० दिवसांच्या आत अपील करता येतं.

परवानगी मिळाली की काम संपलं असं नाही. तीन गोष्टी सांभाळा. एक, परवानगी एक वर्षाची असते. त्यात काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्या. दोन, जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या. इथे फूटभर चूक निघाली तर सुधारता येते, स्लॅब पडल्यावर नाही. तीन, घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. वास्तुशांत झाली की हा दाखला लोक विसरतात आणि पुढे बँकेच्या दारात आठवतो. मध्येच खोली वाढवायची, मजला चढवायचा असं ठरलं, तर सुधारित आराखडा आधी मंजूर करून घ्या.

ज्यांनी परवानगीशिवाय बांधून टाकलंय त्यांनी घाबरून गप्प बसू नये. बांधकाम नियमात बसत असेल तर प्रशमन शुल्क भरून नियमित करता येतं. अभियंत्याला घर दाखवून विचारा. नोटीस आली असेल तर तिच्यावरची मुदत वाचा आणि लेखी उत्तर द्या. नोटीस फडताळात ठेवली म्हणून ती मिटत नाही.

खेड्यातल्या मैत्रिणी म्हणतील, हे शहराचं झालं. तसं नाही. गावठाणात ग्रामपंचायतीची परवानगी लागते, आणि गावठाणाबाहेर बांधायचं असेल तर आधी जमीन बिनशेती आहे का हे तलाठ्याकडे विचारा. नाव कोणाचं, हा प्रश्न तर तुमच्याकडेही तोच.

आवास योजनेचंही सांगते. शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतात, एकदम येत नाहीत. घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असा योजनेचाच नियम आहे. म्हणजे सरकार बाईचं नाव मागतं आणि जागेच्या कागदावर बाईचं नाव नसतं! ही फट आपल्यालाच बुजवावी लागेल, आणि तीही यादीत नाव लागायच्या आधी. यादी लागली की सगळ्यांची घाई सुरू होते, आणि घाईत चुकीच्या कागदावर सही होते.

माईचं पुढं काय झालं? माघात तिला परवानगीची पावती मिळाली. खड्डे ढासळले होते, ते पुन्हा खणावे लागले, त्याची मजुरी दोनदा गेली. घर मात्र उभं राहिलं. पुढच्या भाऊबीजेला नणंद त्याच घरात ओवाळायला आली.

आणि गटाने एक ठराव केला. घराच्या कर्जाचा अर्ज आला की आधी परवानगीचा कागद बैठकीत सगळ्यांनी बघायचा, मगच कर्ज मंजूर करायचं. ज्याच्याकडे तो नसेल तिला नाही म्हणायचं नाही. दोघी जणींनी तिच्याबरोबर कार्यालयात जायचं आणि कागद पूर्ण करायचे. एकटी बाई गेली की "उद्या या" म्हणतात, तिघी गेल्या की खुर्ची देतात. हा आमचा अनुभव आहे.

तुमच्या गटासाठी एवढंच काम देते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने राहत्या घराचा उतारा घेऊन यायचा. हप्ते गोळा करून झाले की एकेकीने मोठ्याने वाचायचा: जागा कोणाच्या नावावर आहे? जिथे गेलेल्या माणसाचं नाव निघेल, तिथे वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात करायचा. घर पुढच्या वर्षी बांधायचं असेल किंवा दहा वर्षांनी, नाव आत्ताच लावून ठेवा.

पुढच्या कार्यक्रमात भेटू. नमस्कार.